बदाम : किती आणि कशासाठी ?

परीक्षेचे दिवस जवळ आले, की अनेक घरांतून रात्री एका वाटीत बदाम भिजत पडलेले दिसतात. सकाळी त्यांची साल काढून ते मुलांच्या हातावर मोजून ठेवले जातात. कोठे पाच, कोठे सात, तर कोठे अकरा. या संख्या कोणी ठरविल्या हे कोणालाच ठाऊक नसते. पण बदाम खाल्ल्याने बुद्धी तल्लख होते आणि शरीरास बळ येते, ही समजूत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्वत्र आढळते. ज्या घरी महिन्याचा किराणा जपून भरावा लागतो, त्या घरीसुद्धा मुलासाठी पावशेर बदाम आणले जातात, आणि ते आणण्यासाठी दुसरे काहीतरी कमी करावे लागते. म्हणून बदामात खरोखर काय असते, ते किती खावेत आणि ज्यांना ते परवडत नाहीत त्यांचे काही मोठे नुकसान होते काय, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे राहत नाहीत.

प्रथम बदाम ही वस्तू काय आहे ते पाहू. वनस्पतिशास्त्रात या झाडास प्रूनस डल्सिस असे नाव आहे. ते गुलाबाच्या कुलातील असून पीच, जर्दाळू, अलुबुखार आणि चेरी ही त्याची सख्खी भावंडे होत. पीचचे किंवा जर्दाळूचे फळ खाताना आपण वरील गर खातो व आठळी टाकून देतो. बदामाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. त्याचा वरील गर चिवट व हिरवट असतो आणि फळ पिकल्यावर तो वाळून उकलतो. आत जे खाचाखाचांचे कठीण कवच दिसते ती त्याची आठळी, आणि ती फोडल्यावर मिळणारा मगज म्हणजे बी होय. बीच्या पोटात पुढच्या रोपासाठी शिदोरी बांधून ठेवलेली असते. तेल, प्रथिने आणि खनिजे यांनी बदाम इतका समृद्ध का, याचे उत्तर येथेच आहे.

हे झाड मूळचे इराण आणि मध्य आशिया या टापूतील. त्यास हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते व फळ पक्व होण्याच्या काळात कोरडी हवा लागते. त्यामुळे दख्खनच्या पठारावर किंवा कोकणात ते फळ धरत नाही. भारतात पिकणाऱ्या बदामांपैकी बहुतांश जम्मू-काश्मीरमधून येतात. त्याखालोखाल हिमाचल प्रदेशाचा क्रम लागतो. श्रीनगरात हरी पर्वताच्या पायथ्याशी बदामवारी नावाचा बाग आहे. मार्चच्या सुमारास, झाडांवर पाने येण्यापूर्वीच, तो पांढऱ्या-गुलाबी फुलांनी बहरतो व तो बहर पाहण्यास माणसे लोटतात. परंतु देशाची मागणी एवढ्याने भागत नाही. आज जगातील बदामांपैकी सुमारे पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पिकतो, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत भारताची गणना होते. काबूलकडून पाठीवर गाठोडे घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याच्या जागी आता समुद्रमार्गे येणारी पेटी आली आहे, एवढाच काय तो फरक !

येथे एक खुलासा करावयास हवा. मुंबईच्या रस्त्यांच्या कडेने आणि कोकणाच्या किनाऱ्यावर मोठ्या पानांचे, आडव्या मजल्यांनी वाढणारे जे झाड दिसते, त्यासही आपण बदामाचेच झाड म्हणतो. त्याची फळे दगडाने ठेचून आतील बारीक बी खाण्याचा उद्योग शाळकरी मुले आवडीने करतात. ते झाड देशी बदामाचे, म्हणजे टर्मिनॅलिया कटाप्पा या जातीचे. हिरडा, बेहडा आणि अर्जुन हे त्याचे आप्त आहेत. खऱ्या बदामाशी त्याचे कसलेही नाते नाही. ती बी खाण्यास हरकत नाही, पण पुढील विवेचन तिला लागू पडत नाही.

खऱ्या बदामाच्याही दोन तऱ्हा आहेत, गोड आणि कडू. गोडाची बी खाऊ, तर कडवाची बी विष. एकाच जातीत असा विरोध कसा, हे कोडे रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम उलगडले. १८३० साली रोबिके व बुत्रों-शार्लार या फ्रेंच संशोधकांनी कडू बदामातून एक पांढरा स्फटिकी पदार्थ वेगळा केला व त्यास अमिग्डॅलिन हे नाव मिळाले. पुढे १८३७ मध्ये लीबिख आणि व्होलर या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचे विघटन कसे होते ते दाखविले. अखंड बीमध्ये अमिग्डॅलिन एका बाजूस आणि त्याचे विघटन करणारे विकर दुसऱ्या बाजूस असते. बी चावली किंवा वाटली, की दोघांची गाठ पडते. पाण्याच्या साहाय्याने अमिग्डॅलिनचे तुकडे होऊन ग्लुकोज शर्करा, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड निर्माण होतात. यांपैकी शेवटचे विष अत्यंत जहाल आहे. मूठभर कडू बदाम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. बेंझाल्डिहाइड मात्र निरुपद्रवी असून त्याचा वास मोहक असतो. मिठाईत घालण्याच्या अर्कास आपण जो ‘बदामी वास’ म्हणतो तो याचाच. गंमत अशी, की खऱ्या गोड बदामास हा वास जवळजवळ नसतोच.

मग गोड बदाम कोठून आले ? रानातील झाडे बहुधा कडूच असत. त्यांच्यापैकी एखाद्या झाडात अचानक बदल होऊन त्याच्या बियांत अमिग्डॅलिन तयार होईनासे झाले, आणि कोणा अज्ञात माणसाने ते झाड ओळखून त्याच्या बिया पेरल्या असाव्यात. हा बदल कोणता, हे २०१९ साली स्पेन व अन्य काही युरोपीय देशांतील संशोधकांनी निश्चित केले. अमिग्डॅलिन तयार करणाऱ्या जनुकांना चालना देणारे एक नियामक प्रथिन असते. त्याच्या आराखड्यातील एका बारीकशा चुकीमुळे ती चालना मिळत नाही व बी गोड निपजते. आईबापांपैकी एकाकडून जरी हे बदललेले जनुक आले, तरी झाडास गोड बदाम लागतात. आपल्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की चुकून एखादा कडू बदाम तोंडात आला तर तो सभ्यतेपोटी गिळू नये, थुंकून टाकावा. जर्दाळूच्या काही जातींची बी दिसण्यात बारीक बदामासारखीच असते व तीही कडू असू शकते. तिच्यातही हेच विष दडलेले असते.

आता पोषणाकडे वळू. आपल्या देशात अन्नपदार्थांचे पृथक्करण करण्याच्या कार्यास मोठी परंपरा आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी एका लहानशा खोलीत जे कार्य आरंभिले, त्याचाच विस्तार होऊन पुढे ती संस्था १९५८ साली हैदराबादेस आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची तिने तयार केलेली कोष्टके आजही आहारशास्त्राचा पाया आहेत. त्यांची नवी आवृत्ती २०१७ साली निघाली. निरनिराळ्या देशांच्या कोष्टकांत बदामाचे आकडे थोडेफार वेगळे दिसतात, कारण जात, जमीन आणि बीमधील पाण्याचा अंश यांनुसार घटक बदलतात. परंतु मोठ्या गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे.

शंभर ग्रॅम बदामांत साधारणपणे ५० ग्रॅम किंवा थोडे अधिक तेल, सुमारे २१ ग्रॅम प्रथिने आणि १२ ग्रॅमच्या आसपास तंतुमय चोथा असतो. त्यांपासून ५८० ते ६५० उष्मांक मिळतात, असा हिशेब केला जातो. म्हणजे बदाम हे मुख्यतः तेलाचे अन्न आहे. हे वाक्य पुष्कळांना खटकेल, कारण आपल्या मनात बदामाची गणना ‘ताकदीच्या’ वस्तूंत असते व तेलाची गणना पथ्यात. पण हे तेल चांगल्या प्रतीचे आहे. त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग ओलेइक आम्लाच्या स्वरूपात असून संतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अगदी थोडे, शेकडा सात-आठ एवढेच असते. खनिजांपैकी मॅग्नेशियम आणि कॅल्शियम प्रत्येकी सुमारे २७० मिलिग्रॅम भरतात. मात्र बदामाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील ई जीवनसत्त्व होय. शंभर ग्रॅममध्ये ते सुमारे २५ मिलिग्रॅम असते. रोजच्या खाण्यात इतक्या भरघोस प्रमाणात ते देणारे पदार्थ फार थोडे आहेत. सूर्यफुलाचे बी हे त्यांतील एक. पेशींच्या आवरणातील तेलकट घटकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडू नयेत, म्हणून हे जीवनसत्त्व पहारा करते.

परंतु शंभर ग्रॅम बदाम कोणी खात नाही, आणि खाऊही नयेत. एक बदाम साधारण सव्वा ग्रॅमचा. दहा बदाम म्हणजे बारा ग्रॅम. त्यांतून सुमारे ७० उष्मांक, अडीच ग्रॅम प्रथिने, तीन मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व आणि तीस-बत्तीस मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ई जीवनसत्त्वाच्या दृष्टीने हा वाटा चांगलाच म्हणावयाचा. प्रथिनांचे तसे नाही. एक वाटी घट्ट वरण किंवा एक अंडे यांपासून याहून दुप्पट-अडीचपट प्रथिन मिळते. कॅल्शियमविषयी तर बोलावयासच नको. एका पेल्याभर दुधात दहा बदामांच्या सातपट कॅल्शियम असते. शिवाय बदामातील प्रथिनात लायसीन हे आवश्यक अ‍ॅमिनो आम्ल कमी पडते. डाळीत ते विपुल असते, म्हणून वरण-भाताच्या जेवणावर बदाम खाणाऱ्यास ही उणीव जाणवणार नाही. पण बदाम हेच मुख्य प्रथिनान्न समजणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी.

उष्मांकांच्या आकड्यात एक मौजेचे रहस्य आहे. पदार्थातील तेल, प्रथिने व पिष्ट यांचे वजन घेऊन त्यांना ठराविक गुणकांनी गुणावयाचे, अशी उष्मांक काढण्याची जुनी रीत आहे. बदामातील सर्व तेल शरीरास मिळते असे तीत गृहीत धरलेले असते. ते खरे आहे काय, हे पाहण्याचे अमेरिकेच्या कृषिखात्यातील संशोधकांनी ठरविले. त्यांनी अठरा निरोगी माणसांस मोजूनमापून आहार दिला. काही दिवस बदामांवाचून, काही दिवस रोज ४२ ग्रॅम आणि काही दिवस ८४ ग्रॅम बदाम घालून. शरीराबाहेर टाकल्या गेलेल्या मलमूत्रातील ऊर्जाही त्यांनी मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की २८ ग्रॅम बदामांपासून सुमारे १७० उष्मांक मिळावयास हवे होते, तेथे प्रत्यक्षात १२९ च मिळाले. उरलेल्या उष्मांकांचे तेल पचलेच नाही !

असे का व्हावे ? बदामाचे तेल असंख्य सूक्ष्म पेशींत कोंडलेले असते आणि प्रत्येक पेशीभोवती चिवट तंतूंची भिंत असते. मानवी आतड्यातील पाचकरस ती भिंत विरघळवू शकत नाहीत. दाताखाली ज्या पेशी फुटतात तेवढ्यांचेच तेल मोकळे होते. न फुटलेल्या पेशी आपली शिदोरी घेऊन तशाच पुढे जातात. याच संशोधकांनी पुढे २०१६ साली दाखविले, की भाजलेल्या किंवा बारीक चिरलेल्या बदामांपासून अखंड कच्च्या बदामांपेक्षा अधिक ऊर्जा मिळते, आणि लोण्यासारखे मऊ वाटलेल्या बदामांच्या बाबतीत तर जुना हिशेब जवळजवळ पूर्णपणे खरा ठरतो. पाट्यावर उगाळून बाळास किंवा आजाऱ्यास बदाम देण्याची जी रीत आपल्या घरांत आहे, तिच्यामागे दात नसलेल्या वा अशक्त माणसाचा विचार होता. ती रीत ऊर्जेच्या दृष्टीनेही योग्यच होती असे आता म्हणता येईल. उलट ज्यास वजन आटोक्यात ठेवावयाचे आहे त्याने अखंड बदाम सावकाश खावेत, हेच बरे.

हृदयविकाराच्या संदर्भात बदामाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेन्किन्स यांनी रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ७३ ग्रॅम बदाम खाणाऱ्यांच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल सरासरीने शेकडा ९ च्या थोडे वर घटले; निम्मे बदाम खाणाऱ्यांचे शेकडा ४ च्या थोडे वर. पुढील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पाहता हा परिणाम खरा परंतु माफक आहे, असेच दिसते. भारतातही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना जेवणापूर्वी अर्धा तास २० ग्रॅम बदाम देऊन प्रयोग झाले आहेत व जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते, असे त्यांत आढळले. मात्र वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या विषयावरील पुष्कळशा प्रयोगांस कॅलिफोर्नियातील बदाम-उत्पादकांच्या मंडळाने अर्थसाह्य दिलेले आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण शेंगदाण्यावर किंवा जवसावर तितका पैसा कोणी खर्च केलेला नाही, हेही तितकेच खरे.

आणि बुद्धीचे काय ? दहा बदामांनी मुलाची स्मरणशक्ती वाढते, असे निर्विवादपणे दाखविणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. सकाळी उपाशीपोटी शाळेत जाणाऱ्या मुलाचे लक्ष अभ्यासात लागत नाही आणि काही पौष्टिक खाऊन गेलेल्याचे लागते, हे खरे आहे. बदामाची कीर्ती काही अंशी या साध्या गोष्टीवर उभी असावी, असे आम्हांस वाटते.

भिजवण्याबद्दल दोन शब्द. भिजवल्याने बदामातील फायटिक आम्ल निघून जाते व खनिजे अधिक शोषली जातात, असे सांगितले जाते. अलीकडील प्रयोगांत अखंड बदाम रात्रभर भिजवूनही या आम्लात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. भिजलेला बदाम मऊ होतो, वृद्धांस चावण्यास सोपा जातो व त्याची साल सुटते, एवढा लाभ निश्चित आहे. साल विषारी असते ही मात्र निव्वळ दंतकथा. तिच्यात चोथा आहे आणि उपयुक्त पॉलिफिनॉल द्रव्ये आहेत; आवडत असल्यास ती खुशाल खावी.

मग रोज किती खावेत ? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या आहारात कवचीची फळे आणि तेलबिया मिळून ३५ ग्रॅम धरल्या आहेत. हा वाटा सर्वांचा एकत्रित आहे, एकट्या बदामाचा नव्हे. आमटीत पडलेले दाण्याचे कूट, चटणीतील तीळ आणि जवस हे सर्व त्यातच मोडतात. तेव्हा बहुतेक प्रौढांस दहा ते पंधरा बदाम पुरेसे होत; वीस-बावीस खाल्ले तर दुसऱ्या तेलबिया त्या दिवशी हात राखून घ्याव्यात. नेहमीच्या आहारावर बावीस-तेवीस बदामांची नुसती भर घातली, तर कोष्टकाप्रमाणे ती एका मध्यम ज्वारीच्या भाकरीएवढी होते. फरसाण किंवा बिस्किटे यांच्या जागी ते खाल्ले, तर मात्र लाभच लाभ. बदामाचा हलवा आणि बदामी दूध यांना या हिशेबात धरू नये. त्यांतील साखर व तूप बदामाचे नाव पुढे करून आत शिरतात. बदामापासून केलेले ‘दूध’ म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी पाणी असते व ते तान्ह्या मुलास दुधाऐवजी कदापि देऊ नये.

पाच वर्षांखालील मुलांस अखंड बदाम देऊ नयेत, कारण तो श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. पूड किंवा वाटण द्यावे. काहींना बदामाची अ‍ॅलर्जी असते. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे यांपैकी काही दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बदामात ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असल्यामुळे ज्यांना त्या जातीचा मूतखडा होतो, त्यांनीही वैद्यकीय सल्ल्यावाचून ते रोज खाऊ नयेत.

आता तो आरंभीचा प्रश्न. बदाम न परवडणाऱ्या घरातील मूल कोणत्या गोष्टीस मुकते ? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे बदामापेक्षा अधिकच. उष्मांक जवळपास तितकेच, तेलही चांगल्या प्रतीचे, आणि नायसिन हे ब वर्गातील जीवनसत्त्व बदामाच्या तिपटीहून अधिक. ई जीवनसत्त्व बदामाच्या सुमारे एक-तृतीयांश भरते व कॅल्शियमही तितकेच. येथे शेंगदाणा उणा पडतो. पण सालीसकट तिळांत कॅल्शियम बदामाच्या साडेतीन पटींहून अधिक आहे, नाचणीतही ते बदामापेक्षा जास्त आहे. बाजारभाव वरखाली होत असले, तरी एक किलो बदामांच्या पैशांत शेंगदाणे कित्येक किलो येतात. संक्रांतीचा तीळगूळ आणि मधल्या सुट्टीतील गूळ-शेंगदाणे खाऊन वाढलेल्या मुलाच्या पोषणात बदामावाचून उणीव राहत नाही. दूध, डाळ किंवा पालेभाजी यांत काटकसर करून आणलेले बदाम मात्र त्यास महागात पडतात.

ज्यांना ते घ्यावयाचे आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. काश्मीरचा कागदी बदाम बोटांनी दाबला तरी फुटतो. इराण-अफगाणिस्तानकडचा मामरा मगजाने वेडावाकडा व तेलकट असतो, आणि भावाने सर्वांत चढा. पौष्टिकतेच्या दृष्टीने या जातींत जो फरक आहे तो किमतीतील फरकाच्या मानाने किरकोळ समजावा. कवचासकट बदाम अधिक टिकतात. सोललेले बदाम हवाबंद डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावेत. पावसाळ्यात ते शीतकपाटात ठेवणे उत्तम. बुरशी चढलेले बदाम धुऊन-पुसून वापरण्याचा मोह टाळावा, कारण काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण होते व ते भाजल्यानेही पुरते नष्ट होत नाही. खरेदी करताना एक बदाम मधोमध मोडून पाहावा. आतून तो एकसारखा पांढरा असला पाहिजे. पिवळसर झाला असेल आणि जिभेवर खवट लागत असेल, तर त्याचे तेल बिघडले आहे असे समजून दुकानदारास तो परत करावा.